पाळीवरचा दगड

सन सत्तावन्नच्या मार्चात केशोराव अर्जुनीच्या स्टेशनावर उतरला तेव्हा त्याच्याजवळ सात पेट्या होत्या. सहा पेट्या हमालानं उचलल्या, सातवीला मात्र केशोरावनं हात लावू दिला नाही. ती पितळेची होती. गोंदियाच्या एका तांबटाकडून त्यानं स्वतः समोर बसून ती घडवून घेतली होती. पुढे जाड काच, बाजूला एक दांडी, आणि आत चावीवर चालणारा सिनेमाचा कॅमेरा. "बाबूजी, इसमें दुल्हन है क्या?" हमालानं विचारलं. केशोराव हसला नाही. त्याला विनोद कळायचे, पण कामाच्या वेळी सोसायचे नाहीत.

गोंदियात त्याचा फोटोचा स्टुडिओ होता. लग्नं, बारशी आणि तिरडीवरची माणसं यांचे फोटो काढून तो विटला होता. अशात एका सरकारी खात्यानं त्याला पाण्याखाली फोटो कसे घ्यावेत हे शिकवणारी वीस मिनिटांची फिल्म काढायला सांगितली. जुन्या तलावांची मोरी, म्हणजे पाळीच्या पोटातून शेतात पाणी सोडणारं दगडी तोंड, दरसाल कुणीतरी बुडी मारून तपासायचं, आणि दर दोनचार सालांनी कुठेतरी बुडी मारणारा वर यायचा नाही. कॅमेरा दोरीनं खाली सोडून मोरी पाहता आली तर माणूस कशाला जाईल? लहानपणी केशोरावनं अशा एका माणसाला खाटेवर घालून घरी आणलेलं पाहिलं होतं. खाटेबाहेर लोंबणारे ते पाय त्याच्या डोळ्यांपुढून कधी गेले नाहीत. म्हणून हे काम त्यानं जिवाला लावून घेतलं होतं. आता फिल्म काढायला आधी एक माणूस खाली पाठवावाच लागणार होता, ही गोष्ट त्याला खटकली नव्हती असं नाही. पण एकदाच, शेवटचं, असं म्हणून त्यानं मनाची समजूत घातली होती.

पिंपळटोल्याचा तलाव तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेला. लांबच लांब मातीची पाळ, पाळीवर मोहाची झाडं, आणि पलीकडे गोंदियाकडच्या प्रतापगडचा डोंगर. तलावाचं पाणी कुणाच्या शेतात कधी सोडायचं हे पाहणाऱ्याला तिथं पाणकर म्हणतात. परसराम त्या गावचा पाणकर होता. वय पन्नाशीचं, अंग सागाच्या खोडासारखं, आणि बोलणं इतकं तोडकं की समोरच्यालाच ओशाळल्यासारखं व्हावं.

पहिल्या दिवशी बुडी मारण्याआधी त्यानं धोतराच्या सोग्यातून मुठीएवढा दगड काढला आणि मोरीच्या वर, पाळीवरच्या एका सपाट शिळेवर ठेवला. वर आल्यावर तोच दगड उचलून पाण्यात टाकला. केशोरावनं विचारलं, हे काय?

"आपल्या धानाच्या बांधीतला दगड आपल्या हातानं ठेवाचा," परसराम म्हणाला. "वर आलो का आपल्याच हातानं टाकाचा. पाळीवर दगड आहे तवरिक मानूस खाली आहे."

"आणि दुसऱ्या कुणी टाकला तर?"

परसरामनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. "दुसरा कायले टाकंल?"

केशोरावला ही रीत फार आवडली. किती माणसं खाली आहेत हे पाळीवरच्याला बोलल्याशिवाय कळतं! शिकवण्याच्या फिल्मला याहून चांगलं काय हवं? ही रीत फिल्ममध्ये घ्यायची हे त्यानं त्याच संध्याकाळी ठरवलं. परसराम त्या संध्याकाळी थोडं जास्त बोलला. शेहेचाळीसच्या पावसाळ्यात त्याचा धाकटा भाऊ कवडू मोरीत अडकलेला ओंडका काढायला गेला होता, तो वर आला नाही. उन्हाळ्यात तलाव आटवून पाहिला, हाडूकसुद्धा सापडलं नाही. कवडू डावखुरा होता, पण दम परसरामपेक्षा जास्त, असं तो दोनदा म्हणाला.

मग अडचणी सुरू झाल्या, आणि एकीच्या पाठीवर दुसरी आली. पहिल्याच बुडीत पेटीच्या कडेतून पाणी शिरलं आणि पाण्याखालच्या कामासाठी राखलेल्या तीन रिळांतलं एक रीळ चिखलात गेलं. केशोराव रात्रभर त्या पेटीला शिव्या देत बसला. सकाळी त्यानं सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून कडेला बसवली आणि वरून पातळ केलेल्या लाखेचा थर दिला. पेटी कोरडी राहिली, तर पाणी गढूळ. दुसऱ्या रिळाचा तुकडा त्यानं रात्री खोलीतच धुऊन पाहिला, त्यावर नुसता भुरा धूर आला. परसरामनं गावात शब्द टाकला आणि चार दिवस एकही म्हैस तलावात उतरली नाही. पाणी निवळलं, तर खाली उजेड पुरेना. केशोरावनं अगदी हात टेकले होते. तेव्हा परसरामची बायको शामकला म्हणाली की घराघरातल्या पितळी परातींनी ऊन खाली पाडता येईल. बायांनी चिंच लावून पराती घासल्या आणि बारा वाजता वीसेक परातींचं ऊन एकदम पाण्यात उतरलं. मोरीचं तोंड वरूनसुद्धा अंधूक दिसलं. त्या बायांत एक जण हिरव्या बांगड्या, कपाळभर कुंकू अशी होती. तिच्या परातीवर नाव कोरलेलं होतं, कवडू. ती कवडूची बायको रुख्मा. अकरा वर्षं झाली तरी हिचं कुंकू कसं, हे केशोरावच्या मनात आलं, पण त्यानं विचारलं नाही. ते विचारलं असतं तर बरं झालं असतं.

त्या दुपारी सगळं मनासारखं झालं. परसरामनं दगड ठेवला, बुडी मारली, वर आला, दगड टाकला. केशोरावनं ते सगळं पाळीवरून दुसऱ्या कॅमेऱ्यानं टिपलं. बाया पराती घेऊन घरी गेल्या आणि परसराम मोहाच्या झाडामागे धोतर बदलायला गेला. मग केशोरावच्या लक्षात आलं की दगड टाकतानाचा हात जवळून घ्यायचा राहिला. हात तर कुणाचाही चालतो, तोंड थोडंच दिसणार? त्यानं तिकाटण्यावर कॅमेरा लावला, चावी भरली, कळ अडकवली आणि इकडेतिकडे पाहिलं. शिळेच्या कोपऱ्यावर एक दगड पडलेला होता. जुना, शेवाळून काळा झालेला, फिल्मवर छान दिसेल असा. त्यानं तो उचलला आणि पाण्यात टाकला.

तरंग काठाला पोचले तेव्हा त्याच्या मागे रुख्मा उभी होती. परातीबरोबर आणलेलं फडकं विसरलं म्हणून ती परत आली होती. ती शिळेकडे पाहत होती.

"कोन वर आला?" तिनं विचारलं.

केशोरावला कळेना. फिल्मसाठी आपणच तो टाकला, असं त्यानं सांगितलं. रुख्मानं पाण्याकडे पाहिलं. तिनं डोईवरचा पदर नीट केला.

"मंग भात टाका लागन," ती म्हणाली, आणि घराकडे गेली.

तो दगड कवडूचा होता. अकरा वर्षं तो त्या शिळेवर होता, आणि तो तिथं होता म्हणून रुख्माचं कुंकू होतं. परसरामनं परत आल्यावर हे सांगितलं. केशोरावनं हात जोडले. कवडूच्या बांधीतून दुसरा दगड आणून ठेवू, म्हणाला.

"दगड आनता येते, साहेब," परसराम म्हणाला. "ठेवनारा हात कोठून आनाल?"

इथंच केशोरावनं बाडबिस्तरा आवरायला हवा होता. पण शेवटच्या रिळात दोन मिनिटं उरली होती, मोरीच्या आतला भाग तेवढा राहिला होता, आणि परवा उसासाठी मोरी उघडली की पाणी पुन्हा महिनाभर गढूळ. त्यानं दबकत विचारलं. परसरामनं नाही म्हणावं असंही त्याला आतून वाटत होतं. परसराम नाही म्हणाला नाही.

"जातो," तो म्हणाला. "पाहून येतो का आहे तं."

दुसऱ्या दिवशी बारा वाजता परसरामनं आपला दगड शिळेवर ठेवला. या वेळी तो त्यावर हात ठेवून क्षणभर थांबला. शामकला परात घेऊन सगळ्यांच्या पुढे होती. रुख्मा आली नव्हती. तिच्या घरातून धूर निघत होता.

परसराम पितळी पेटी घेऊन खाली गेला.

केशोरावनं घड्याळ धरलं. अर्धं मिनिट. एक मिनिट. नेहमी सव्वा मिनिटात तो वर येई. दीड मिनिट झालं. शामकलाच्या हातातली परात हलू लागली आणि उजेड पाण्यात इकडेतिकडे पळू लागला. दोन मिनिटं होत आली तेव्हा केशोरावनं घड्याळ टाकलं आणि सदऱ्याची बटणं काढायला घेतली.

तेवढ्यात पाणी फुटलं आणि परसराम वर आला. त्यानं पेटी पुढे केली. केशोरावनं ती उघडून पाहिली. आत थेंबभर पाणी नव्हतं. आनंदानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. खिशातून बिडी काढून त्यानं परसरामपुढे धरली, आणि परसरामनं ती डाव्या हातानं घेतली.

"परसराम, दगड टाक ना," केशोराव म्हणाला.

त्यानं शिळेकडे पाहिलं. मग केशोरावकडे.

"कोनाचा आहे?"

तो पाळीवरून गावाकडे पाहत होता. पिंपळापलीकडे पाच वर्षांपूर्वी बांधलेली शाळेची इमारत उन्हात पांढरी दिसत होती.

"हे शाळा कवा बांधली?" त्यानं विचारलं.

मग तो उतरला आणि ओल्या धोतरानं चालू लागला. आपल्या घराची गल्ली त्यानं मागे टाकली. रुख्मा दारात उभी होती. ती बाजूला झाली आणि तो आत गेला.

शामकलानं परात अजून खाली घेतली नव्हती.

पाण्याखाली फार वेळ श्वास कोंडला की माणूस भ्रमतो, हे केशोरावनं कुठेतरी वाचलं होतं. गावाला त्यानं तसं सांगितलं आणि स्वतःलाही. दोन दिवसांत ताळ्यावर येईल, म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं निघाला. खरं तर तो पळाला.

मुंबईहून धुऊन आलेलं रीळ तीन आठवड्यांनी हातात पडलं. स्टुडिओच्या खिडक्यांना काळं कापड लावून त्यानं ते भिंतीवर पाहिलं. मोरीचं तोंड लख्ख दिसत होतं. दगडाचे सांधे, कडेचं शेवाळ, आत जाणारा एक मासा. असं चित्र आजवर कुणी घेतलं नसेल असं त्याला वाटलं.

मग कॅमेरा हळूच मागे सरकला. कुणीतरी तो काढून घेतल्यासारखा.

मोरीच्या आत परसराम होता.

कॅमेरा परसरामच्याच हातात होता, दुसरं कुणी खाली गेलंच नव्हतं. तरी तो समोर होता, मोरीत छातीपर्यंत अडकलेला. त्याचे दोन्ही हात रिकामे होते. तोंडातून एकही बुडबुडा येत नव्हता. त्यानं हात वर केले, लहान मूल कडेवर घ्या म्हणतं तसे. उजेड हलला आणि कॅमेरा वर निघाला. हात लहान होत गेले.

केशोरावनं खिडकीचं काळं कापड ओढून काढलं. मग त्यानं कात्री घेतली आणि तेवढी अकरा सेकंदं कापली. बाकीची फिल्म पुढे खात्याला फार पसंत पडली. तिच्या शेवटी एक वाक्य होतं, केशोरावनंच लिहिलेलं: यापुढे कोणाही माणसाला खाली जाण्याचे कारण उरणार नाही.

पण त्याआधी, रीळ कापलं त्याच आठवड्यात, तो पुन्हा पिंपळटोल्याला गेला. एप्रिलातलं ऊन, पाळ भेगाळलेली, उसाला पाणी देऊन तलाव हातभर उतरलेला. शामकला शिळेजवळ बसली होती. तिच्या कपाळावर कुंकू होतं. दगड जागेवर होता.

"लोक म्हनतात त्याइचं डोकं फिरलं," ती म्हणाली. "नाही फिरलं. आमचे घरचे खालीच आहेत. तुमी टाकला तं कवडूभाऊ वर आले. आता हा टाका."

तिनं दगड उचलून त्याच्या हातावर ठेवला.

"टाका ना, साहेब," मागून आवाज आला.

पाळीवर परसराम उभा होता. परसरामचं तोंड, परसरामचे खांदे, डाव्या हातात बिडी. त्याच्या मागे रुख्मा शिदोरी घेऊन उभी होती. ती काही मागत नव्हती. ती फक्त केशोरावच्या हाताकडे पाहत होती.

"टाका," तो म्हणाला. "तो माहा नोहोय."

केशोरावनं हात उचलला. पाणी हातभर खाली होतं. एक वर आला तेव्हा एक खाली राहिला होता. आता हा वर आला तर खाली कोण राहील? त्यानं पाळीवरच्या तिघांकडे पाहिलं, आणि मग स्वतःच्या पायांकडे. त्याला भीती वाटली.

त्यानं दगड परत शिळेवर ठेवला.

शामकलानं दगड होता तसा सरळ केला आणि पदर सावरून पुन्हा बसली. केशोराव पाळ उतरला. अर्जुनीच्या वाटेवर बरंच पुढे आल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आपण पाण्याला हातसुद्धा लावला नव्हता, आणि दगड धरलेल्या उजव्या हाताची बाही कोपरापर्यंत ओलीचिंब होती. भर उन्हात चालूनही ती वाळली नव्हती.