वेशीतली झाडलोट

विब्के आली होती वेशीच्या खांबांचा निरोप घ्यायला, आणि पाहते तर काय... खाली योर्न डोक्यावर आजोबांची उंच काळी टोपी चढवून बाटल्यांची झाकणं झाडत होता!

तीन आठवड्यांपूर्वी या जुन्या वेशीची डागडुजी करताना परांचीवरून त्याच्या बादलीतलं पाणी तिच्या चित्रावर सांडलं होतं. तेव्हापासून ती खांबांची चित्रं काढायची आणि तो वरून चुका काढायचा. काल चित्रं संपली. आज पाचच्या गाडीने ती ल्युबेकला, घरी निघाली होती... आणि मनातलं अजून मनातच होतं.

"आज तिशी गाठली, तरी बिनलग्नाचा! मग रीतीप्रमाणे आम्ही मित्रांनी ओतलेली झाकणं झाडायची," योर्नचा मित्र हाउके तिला हसत सांगू लागला. "झाडून संपायच्या आत एखादीने पापा दिला तर सुटका, नाहीतर वर्षभर चेष्टा. तीन पोरी पुढे आल्या, पण या पठ्ठ्याने तोंड फिरवलं! दुपारपासून झाडतोय, झाकणं काही संपेनात."

विब्के मनात म्हणाली, म्हणजे हा कुणाची तरी वाट बघतोय! डोळे भरून आले, तशी ती शेवटच्या खांबाआड सरकली.

तेवढ्यात योर्न भरलेलं पोतं घेऊन तिथेच आला. त्याने इकडेतिकडे पाहिलं... आणि सगळी झाकणं पुन्हा खाली ओतली.

"योर्न!"

तो दचकला. कान लालबुंद झाले.

"तू जायच्या आधी खांब बघायला येशील, एवढं माहीत होतं," तो पुटपुटला. "पण कधी, ते नव्हतं माहीत. मग... संपवू कसं?"

"वेडा कुठला! सरळ थांब म्हणायचंस ना!"

"दिवसभर दगडांशीच बोलतो गं मी. तुझ्यासमोर जीभच वळत नाही."

विब्केने ती टोपी काढली, टाचा उंचावल्या आणि त्याचा पापा घेतला. पलीकडे हाउकेने शिट्टी मारली.

"आणि गाडी...?" योर्नने कसंबसं विचारलं.

"गाड्या रोज असतात. पण ऐक, मार्चमध्ये मलाही तीस वर्षं पूर्ण होतात. बिनलग्नाच्या मुलींना दारांच्या पितळी मुठी घासायला बसवतात, ठाऊक आहे ना?"

"आहे की."

"मला नाही घासायच्या."

योर्नच्या हातातला झाडू गळून पडला.

"फेब्रुवारी चालेल?" त्याने विचारलं.