भरतीची पाचवी ओळ

संगणक कधीच चुकत नाही. चुकतो तो माणूस. गोपाळकृष्ण सरांनी रोह्याच्या शाळेत हे वाक्य सहा वर्षं शिकवलं. त्यातली पाच वर्षं शाळेचा एकमेव संगणक क्रोशाच्या रुमालाखाली बंद होता, त्यामुळे चुकायची त्याला संधीच मिळाली नव्हती.

निवृत्तीनंतर सरांनी रोह्यातल्या घरच्या संगणकावर पेणच्या खाडीच्या भरती-ओहोटीचं एक पान तयार केलं आणि इंटरनेटवर चढवलं. खाडीकाठची माणसं पाण्याच्या वेळा तिथीवरून बोटांवर काढतात. पान कोणी मागितलं नव्हतं. तरी ते नव्या-जुन्या दोन्ही ब्राउझरांत सारखं दिसावं, हा सरांचा हट्ट. नवा त्यांच्याकडे होता. जुना पेणच्या एस.टी. स्टँडसमोर, त्यांचा माजी विद्यार्थी निकेश याच्या इंटरनेटच्या दुकानात.

जानेवारी नव्व्याण्णव, अष्टमीचा दिवस. दुपारी दीडला निकेशचा फोन आला.

"सर, आजच्या चारच ओळी ना? दोन भरत्या, दोन ओहोट्या. इथं पाच दिसतात."

"पाचवी काय म्हणते?"

"भरती. दुपारी दोन चाळीस. एकोणीस फूट."

सर हसले. अष्टमीला त्या वेळी खाडीत चिखल असतो, आणि बांधच मुळी बारा फुटांचा. निकेश हसला नाही.

"बा आज उघाडीत उतरलाय, सर."

उघाडी म्हणजे बांधाच्या पोटातलं दार. शेतातलं पाणी बाहेर सोडतं, खाडीचं आत येऊ देत नाही. तिच्या कुजलेल्या फळ्या बदलायला निकेशच्या बापाने, जनूने, पाणी कमी म्हणून हाच दिवस धरला होता. त्या अरुंद भोकात, खाडीकडे पाठ करून, तो एकटा बसला होता.

सरांनी फाइल उघडली. चार ओळी. तक्ता बंद करायची खूण मात्र द्यायची राहिली होती. त्यांना हायसं वाटलं. अशा वेळी जुना ब्राउझर अख्खा तक्ता गिळतो, हे त्यांना ठाऊक होतं. जास्तीचं ओकतो हे नवीन. पण पोट बिघडलं की दोन्ही होतं.

फोनची लाइन एकच. फोन ठेवला, मोडेम लावला, दुरुस्त पान चढवलं, पुन्हा फोन.

"आता बघ."

"हाय तशीच."

मग सरांनी ते पानच उडवलं. रोह्याच्या पडद्यावर कोरी पांढरी पाटी आली. दोन वाजून पाच मिनिटं.

"आता?"

निकेशने पान पुन्हा मागवलं.

"बाकीच्या चार गेल्या, सर. ती एक हाय."

सरांनी घड्याळ पाहिलं. दुकानापासून बांध स्कूटरवर वीस मिनिटं.

"बाला वर काढू का? उगाच काढला तर शिव्या घालंल. तुम्ही काय ते सांगा."

"दोष ब्राउझरचा आहे. शंभर टक्के."

"बरं."

"तरी जा."

दोन चाळीसला सर खिडकीत उभे होते.

"चहा निवतोय," त्यांच्या पत्नी आनंदीबाई म्हणाल्या. "आणि ती कुंडलिका आहे, खाडी नव्हे."

नदी होती तिथेच होती.

साडेचारला निकेशचा फोन आला. बाप निघायला तयार नव्हता. निकेशने दंडाला धरून ओढला. दोन चाळीसला दोघं बांधावर उभे. खाली चिखल, चिखलात खेकडे. थेंबभर पाणी वाढलं नाही. फोनमध्ये मागून जनूचा आवाज आला, "मास्तरला इचार, कम्प्युटरवर पाणी भरतो काय रं? अर्धी फळी ऱ्हायली माजी!"

सर मोकळेपणी हसले.

"जेवले का ते?"

"डबा खाली उघाडीत ऱ्हायला होता, सर. मी उतरून आणला. बाहेरनं खडखडीत कोरडा. झाकण दोघांनी मिळून उघडलं, इतकं घट्ट."

"मग?"

"आत काठोकाठ खारं पाणी. भाकरी तळाला."

"हं."

"चिखलातली निवटी मासळी असते ना? ती एक पोहत होती. जिवंत."

जनूने स्टँडवर मिसळपाव खाल्ला.