दोन रचनांच्या मधला खोकला

बसा ना, उभे का? खालच्या मजल्यावरून तुम्हाला असं धावतपळत वर आणलं, त्याचं कारण सांगतो. जरा हळू बोलू.

मी रेकॉर्डी जमवतो हे तुम्हाला काय सांगायचं! इतकी वर्षं छतातून झिरपणारं व्हायोलिन सोसलंत. हे वेड मला लावलं माझ्या मित्रानं. त्याला सगळे खाकरे म्हणायचे. आडनाव नव्हे ते. दोनदा आखूड आणि एकदा लांब खाकरल्याशिवाय गड्याला तोंड उघडताच यायचं नाही, म्हणून खाकरे. गेल्या हिवाळ्यात तो गेला. मग एक दिवस त्याच्या बायकोचा फोन आला. भाऊजी, त्यांच्या रेकॉर्डी तुम्हीच घेऊन जा, मला ती धूळ पुसवत नाही, म्हणाल्या. मी दोन पिशव्या घेऊन गेलो आणि खांदे भरून येईपर्यंत ओझं घेऊन परतलो.

त्यातली एक तबकडी माझ्याकडेही होती. आम्ही दोघांनी एकाच दुकानातून बरोबरच घेतली होती. एका व्हायोलिनवादकाची मैफल, भरल्या सभागृहात ध्वनिमुद्रित केलेली, आमच्या जन्माच्याही आधीची. म्हटलं, त्याची प्रत कशी वाजते बघू तरी.

आता आम्हा लोकांची एक खोड सांगतो. सभागृहातलं रेकॉर्डिंग कुठल्या संध्याकाळचं, हे आम्ही वाजवण्यावरून नाही, खोकल्यावरून ओळखतो. हसू नका. वाजवणारा दोन दिवस तीच रचना तश्शी वाजवेल, पण ऐकणारे रोज त्याच जागी खोकत नाहीत. या तबकडीत पहिली रचना संपल्यावर एक बाई शिंकते आणि दुसरी सुरू होते, बस्स. खाकरेच्या प्रतीत मात्र शिंकेनंतर कोणीतरी खाकरलं. दोनदा आखूड, एकदा लांब.

आणि मी काय करावं? टाळी वाजवली! ही दुसऱ्या संध्याकाळची मैफल, जगात कोणाकडे नाही, घबाड लागलं हाताला! शिंक तीच होती, त्याच जागी होती, पण लोभी माणसाला हवं तेवढंच ऐकू येतं. खाकरतंय कोण, हे मनात आलंच नाही. फुशारकी मारायला दुसऱ्या एका संग्राहकाला फोन केला. तो म्हणाला, तुझी प्रत लावून ताडून बघ आधी.

लावली. माझ्या तबकडीतही खाकरणं होतं. या तबकडीला मी आजवर कोणाला हातसुद्धा लावू दिलेला नाही. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि पाचावर धारण बसली.

बायकोला बोललो नाही. तिच्या छातीत गाठ निघाली होती आणि ऑपरेशन ठरलं होतं, त्यात हे कुठे सांगायचं? ती हॉस्पिटलात होती तेव्हा मी रोज घरी येऊन ती तबकडी लावायचो. तिचा खोकला मला लाखात ओळखू येतो. तो आला नाही ना, एवढंच बघायचो. नाही आला की मग जेवायचो. तिच्याशिवाय मी या घरात राहू शकत नाही हो, साधा चहा धड जमत नाही मला.

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, जिंकलात. ती घरी आली, चेहऱ्यावर रंग परतला, मी तबकडी कपाटात पार मागे ढकलली.

आज दुपारी खिडकीपाशी बसली होती. म्हणाली, माझ्या सवतीला का गप्प बसवलंय, लावा की काहीतरी. मी टाळाटाळ केली, तर स्वतःच उठली आणि नेमकी तीच काढून आणली. आता नाही म्हणावं तर कारण सांगावं लागतं. लावली. पहिली रचना संपली. शिंक आली, खाकरणं आलं. तिचा खोकला नव्हता. मी सुटकेचा श्वास टाकतोय, तोच तबकडीतून कोणीतरी हलक्या आवाजात विचारलं,

"इथे कोणी बसलंय का?"

"हो…" खाकरे म्हणाला. त्याचाच आवाज. "येताहेत… दोघं आहेत."

मी झडप घालून सुई उचलली. तबकडीवर भला मोठा ओरखडा गेला, त्याचंही काही वाटलं नाही. बायकोकडे पाहिलं. ती घाबरली नव्हती. घड्याळाकडे बघत होती. खाकरेभाऊजी कधीचे ताटकळलेत, एवढं म्हणाली आणि आतल्या खोलीत जाऊन तिनं कडी लावली. मी दार वाजवलं, गयावया केली. तिचं साड्यांचं कपाट उघडल्याचा आवाज तेवढा आला. तसाच जिना उतरून तुमच्याकडे आलो.

मला भित्रा म्हणा, खुळा म्हणा. पण एवढ्या मोठ्या दुखण्यातून परत आणलीय तिला, आता नाही जाऊ देणार. तुमच्या हातात जोर आहे, ती कडी निघते का बघा, मी जिन्याकडचं दार अडवून…

ऐकलंत?… आतून विचारतेय…

"अहो, तुम्ही असेच येणार आहात का?"