सात मजल्यांचा आकडा

त्या दुपारी मी प्रयोगशाळेत टेबलावर डोकं टेकवून चक्क झोपले होते. रक्ताच्या नळ्या फिरवणाऱ्या मशीनची घरघर म्हणजे माझी अंगाईच. ती थांबली की एरवी आपोआप जाग येते, पण त्या दिवशी आली नाही.

"मशीन थांबलंय, मॅडम. तुम्हीच अजून फिरताय."

डोळे उघडले, तर समोर निळ्या गणवेशातला एक उंच माणूस. हातात रक्ताची नळी, कपाळावर घाम. तळमजल्यावरच्या अपघात विभागातला परिचारक. नळ्या आणणारे मामा रजेवर होते, म्हणून हा स्वतःच सात मजले वर आला होता.

"किती वेळ उभे आहात?"

"फार नाही... तुमच्या गालावर रजिस्टरची शिवण उमटली, तेवढाच."

मी गाल चोळला. चिडायचं होतं, पण चिडायलाही अंगात त्राण लागतं.

मामा कामावर परतले, तरी नळ्या घेऊन हाच येत राहिला. स्टुलावर बसायचा, ग्लासभर पाणी प्यायचा, मला काहीतरी बोलून छेडायचा आणि घड्याळ बघत पळायचा. खाली सगळे त्याला 'ब्रदर' म्हणत. मला काही ते म्हणवेना.

"या नळीत तुम्ही शोधता तरी काय?" त्याने एकदा विचारलं.

"एक प्रथिन. मेंदूत ताऱ्यांसारख्या दिसणाऱ्या पेशी असतात. विचारबिचार त्या करत नाहीत. करणाऱ्यांना खाऊपिऊ घालायचं, त्यांचा पसारा आवरायचा... घरातल्या थोरल्या सुनेसारखं. डोक्याला मार लागला किंवा काही आजार जडला, की त्यांच्यातलं हे प्रथिन रक्तात उतरतं. आकडा वाढला की समजायचं, घरात काहीतरी बिनसलंय."

"आणि थोरली सून नुसतीच दमली असेल, तर ते कुठल्या नळीत कळतं?"

तो माझ्याकडे बघत होता. मी उगाचच नळ्यांवरची लेबलं पुसत बसले.

घरी बाबा होते. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पडले, डोकं आपटलं. तेव्हापासून दर दहा मिनिटांनी विचारतात, "जेवलीस का गं?" मी दर वेळी "हो बाबा" म्हणते, जेवलेली नसले तरी. नाही म्हटलं की ते कासावीस होतात आणि दहा मिनिटांनी पुन्हा नव्याने होतात. दिवसभर नळ्या, संध्याकाळी हे. प्रेमाबिमासाठी मी उरतच नव्हते.

मग आम्हाला तुलनेसाठी निरोगी माणसांचं रक्त हवं होतं. त्याने लगेच बाही सरकवली.

"निरोगी आहे की नाही, ते तुम्हीच ठरवा."

फॉर्मवर एक प्रश्न होता – गेल्या चोवीस तासांत व्यायाम, धावपळ? मी न विचारताच 'नाही'वर खूण केली. त्याचा हात माझ्या हातात होता. तोंड उघडलं असतं तर भलतंच काही बोलून गेले असते.

आकडा आला, तो हवा त्याच्या दुप्पट. मी मशीन तपासलं, नळी पुन्हा लावली. तोच आकडा. बाबांच्या कागदावरही असाच एक आकडा होता. खरं सांगते, पहिला विचार त्याचा नव्हताच आला. 'पुन्हा एकदा नको, मला नाही झेपणार,' एवढंच मनात आलं. मग माझं मलाच कळलं... परक्या माणसासाठी कुणी एवढं घाबरत नाही.

दुसऱ्या दिवशी तो आला, तशी मी त्याला स्टुलावर बसवलं.

"डोकं दुखतं? चक्कर येते? कधी पडला होतात?"

"पडलोय... पण डोक्यावर नाही."

"थट्टा नको!" माझा आवाज फाटला. आकडा सांगताना डोळे भरून आले. त्याचं हसू मावळलं. हातातला ग्लास त्याने हळूच खाली ठेवला. तेव्हा माझं लक्ष गेलं, कपाळावर आजही तोच घाम होता.

"तुम्ही वर येता कसे?"

"जिन्याने. पळत."

"का? लिफ्ट बंद आहे?"

"चालू आहे." तो फरशीकडे बघायला लागला. "पण मजल्यामजल्याला थांबते. वर यायला सात मिनिटं घेते. पळत आलं की तीन. मधली चार मिनिटं... मी इथे बसतो."

"दिवसातून किती वेळा?"

"चार-पाच."

मी कपाळावर हात मारून घेतला. खूप धावलं की हेच प्रथिन स्नायूंतून, चरबीतूनही थोडंफार रक्तात येतं. म्हणूनच तर तो प्रश्न असतो, आणि तोच मी विचारला नव्हता.

"पण खात्री नाही," मी म्हणाले. "दोन दिवस अजिबात पळायचं नाही. इकडे यायचंही नाही. मग पुन्हा रक्त घेऊ."

ते दोन दिवस नळ्या मामांनी आणल्या. स्टूल रिकामं होतं. तिसऱ्या दिवशीचा आकडा अगदी सरळ आला. माझ्या जिवात जीव आला.

"आता पुन्हा जिना?" त्याने विचारलं.

"एक पायरीसुद्धा पळायची नाही."

"मग माझी चार मिनिटं?"

मी रजिस्टर उघडून नवा आकडा लिहायला घेतला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या सुट्टीच्या वेळेला, एका मजल्यासाठीही लिफ्ट शोधणारी मी, कठडा धरून जिना उतरायला लागले. चौथ्या मजल्याच्या वळणावर तो भेटला. शब्द पाळून, एकेक पायरी हळू चढत येत होता.

"अगं, तू... तुम्ही इथे?"

"तूच बरं आहे," मी म्हणाले आणि पायरीवर बसले. "चार मिनिटं द्यायला आलेय. आणि... खूप दमलेय रे मी. दोन वर्षांची."

तो शेजारी बसला. खांद्याला खांदा लागला, कुणीच सरकलं नाही. मग त्याने हळूच विचारलं,

"जेवलीस का?"

दिवसातून शंभरदा ऐकलेला प्रश्न. पण या माणसाला उत्तर लक्षात राहणार होतं.

"नाही," मी म्हणाले, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा कुणापुढे तरी रडले.