ऑपरेटरची ऐकायची खोली

दिवा राहू दे. मोबाईलही खिशात ठेवा. ऐकायचं असेल तर नीट ऐका, मध्ये तोंड घालायचं नाही.

ही गोष्ट माझ्या साडूची. सुतार माणूस. खोटं रचायला जेवढी अक्कल लागते तेवढी त्याच्याकडे कधीच नव्हती, म्हणून माझा विश्वास बसला. शनिवारची रात्र होती, साडेआठचा सुमार. अमावस्या नव्हती. चांगलं चांदणं पडलं होतं. पदरचं घालून सांगायची मला सवय नाही.

साडू जेवून उठला, दाराला लावायची रबराची पट्टी खांद्यावर टाकली आणि निघाला. बायकोला म्हणाला, "कडी लावू नकोस, आलोच."

जायचं होतं ऑपरेटरकडे. या माणसानं उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. डाव्या कानाला हेडफोन लावायचा आणि लोकांचे फोन जोडून द्यायचे, हे काम. साऱ्या जगाची बोलणी त्या एका कानानं ऐकली आणि शेवटी तो कान बसला. पार बसला. कानाशी पातेलं आपटलं तरी ढिम्म. निवृत्त झाल्यावर उजवाही जात चालला. डॉक्टरनं तोंडावर सांगितलं, हाही फार दिवस साथ देणार नाही.

ऑपरेटरला गाण्याचं वेड. नोकरीभर दुसऱ्यांचं ऐकलं, आता कान आहे तोवर एकदा स्वतःसाठी ऐकायचं, एवढंच त्याचं मागणं. पण साध्या खोलीत गाणं लावलं की आवाज उघड्या भिंतींवर आपटून मागे फिरायचा आणि त्याच्या एकुलत्या कानात सगळा काला व्हायचा. म्हणून त्यानं मागची खोली साडूकडून बांधून घेतली. ऐकायची खोली.

कामाला खोट नव्हती. भिंतीच्या आत लाकडी चौकटीची दुसरी भिंत. मधल्या पोकळीत काचेची लोकर ठासलेली; ती भरताना साडू दिवसभर अंग खाजवायचा. वरून जाड कापड ताणून बसवलेलं. खाली गालिचा. खिडकी बुजवलेली. दार दुहेरी फळ्यांचं, उघडायला खांदा लावावा लागे. पूर्वी त्या खोलीत टाळी वाजवली की चारी भिंती उत्तर द्यायच्या. आता टाळी हातातल्या हातात मरायची.

काय रे? आत हवा जायची का? तुझ्या डोक्यात जाते त्यापेक्षा जास्त. गप्प बस.

तर साडू पोचला. दार ऑपरेटरच्या बायकोनं उघडलं.

"या भाऊ. आज संपवा एकदाचं. घरातल्या माणसाचं ऐकत नाहीत आणि ऐकायला वेगळी खोली बांधतात."

"काय म्हणाली?" ऑपरेटरनं उजवा कान पुढे केला.

"चहा टाकू का म्हणाल्या," साडू मोठ्यानं म्हणाला.

"एवढं लांबलचक?"

तिघंही हसले. चहा झाला. साडूनं चौकटीला पट्टी ठोकली. आता फक्त परीक्षा राहिली होती.

साडूची परीक्षेची एक रीत होती. जिथून उजेड शिरतो तिथून आवाज शिरतो. म्हणून आतला दिवा मालवायचा, बाहेर कोणाला तरी दाराशी दिवा घेऊन उभं करायचं, आणि आत अंधारात फटी हुडकायच्या. उजेडाची रेघ दिसली की तिथे खडूची खूण.

"वहिनी, मी दार ढकलीपर्यंत हलू नका," साडू म्हणाला. "आतून कितीही ओरडलो तरी तुम्हाला ऐकू येणार नाही."

"ते माझं रोजचंच आहे," ती म्हणाली आणि कंदिलाएवढा बॅटरीचा दिवा घेऊन उभी राहिली.

ऑपरेटर म्हणाला, मीही आत बसतो. माझी खोली आहे. मधोमध त्याची खुर्ची होती, तिच्यात बसला. बटण पलीकडच्या भिंतीवर. साडूनं दार ओढलं, दिवा मालवला आणि चाचपडत परत दाराशी येऊन गुडघ्यांवर बसला.

मग शांतता.

तशी शांतता त्यानं जन्मात ऐकली नव्हती. गिळलेला आवंढा ऐकू येत होता. कानात रक्त सळसळताना ऐकू येत होतं. डोळे ताणून पाहिलं तर दाराखाली केसाएवढी उजेडाची रेघ. बाकी काही नाही.

"एक सापडली," साडू म्हणाला. "खालच्या अंगाला."

साडूनं खडू काढला.

"ऐकलंत का?"

"श्श..."

साडू थांबला.

"बोला," ऑपरेटर म्हणाला.

"फट म्हटलं. खाली."

"तुम्ही नाही."

गालिच्यावर ऑपरेटरचे पाय सरकले.

"बोला. आवाज येतोय. स्वच्छ येतोय."

हा घरातला आवाज नव्हता. नोकरीतला होता. सपाट, अदबीचा. साडूच्या हातातला खडू तसाच राहिला.

"कोणाशी बोलताय?"

"डाव्या कानात येतंय हो," ऑपरेटर म्हणाला आणि त्याला हुंदका फुटला. "डाव्या कानात. किती वर्षांनी..."

"मी दिवा लावतो."

"नको. लाईन जाईल."

साडूचा तळहात दारावर होता. ढकललं असतं तर तिथेच मिटलं असतं. पण मेलेला कान परत मिळालेला माणूस अंधारात लहान मुलासारखा रडत होता. त्याच्यापुढे दार कसं उघडायचं? साडूनं हात मागे घेतला. चुकला.

"कोण हवंय आपल्याला?" ऑपरेटरनं विचारलं.

शांतता.

"हो. आहेत. इथेच आहेत."

शांतता.

"थांबा. लावून देतो."

खुर्ची करकरली. आवाज साडूकडे वळला.

"सुतार, तुमच्यासाठी आहे."

साडूनं खडू मुठीत आवळला.

"घ्या ना. थांबलेत ते."

साडूनं श्वास रोखला. रेघेवर डोळे ठेवले. रेघ त्याच्यापासून हातभर. मध्ये काही नाही. काही असायला जागाच नाही.

रेघ मधोमध तुटली.

डावं टोक दिसत होतं. उजवं टोक दिसत होतं. मध्ये अंधार. पायाएवढा.

"फक्त हो म्हणा," मागून ऑपरेटर म्हणाला.

मग साडूच्या डाव्या कानाला ऊब लागली. ओलसर. बोलायला सुरुवात करण्याआधी माणूस घेतो ना... तसा श्वास.

साडू दारावर कोसळला. खांदा, डोकं, जे पुढे होतं ते. दार उघडलं, उजेड आत आला, वहिनी दिव्यासकट भिंतीला टेकली. त्यानं मागे वळून ऑपरेटरच्या बगलेत हात घातले आणि त्याला फरफटत बाहेर काढलं.

"दार लावा," ऑपरेटर म्हणत होता. "लाईन गेली. दार लावा."

"काय झालं हो?" वहिनीनं विचारलं.

ऑपरेटर तिच्या ओठांकडे बघत राहिला.

"अहो, काय झालं?"

"मोठ्यानं बोल," तो म्हणाला.

ती उजव्या बाजूला गेली. कानाला तोंड लावून ओरडली. तो तिच्या ओठांकडेच बघत होता.

उजवा कान त्या रात्री गेला तो गेला. एक गाणंसुद्धा ऐकून झालं नव्हतं. त्यानंतर तो रोज बायकोसमोर हात पसरायचा, खोलीची किल्ली दे म्हणून. फक्त त्या खोलीत मला ऐकू येतं, म्हणायचा. तिनं दिली नाही. किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घातली आणि झोपतानाही काढली नाही.

पण दुसऱ्या दिवशी उजाडताच तिनं साडूला बोलावलं. दार उघडून दोघं आत गेले. खुर्चीच्या डावीकडच्या भिंतीवर, ताणलेल्या कापडावर ओला डाग होता. तोंडाएवढा. बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर. साडूनं कापड फाडलं. लोकर कोरडी ठणठणीत. चौकट कोरडी. त्या भिंतीत नळ नाही, पलीकडे मोरी नाही. त्यानं नवं कापड ताणलं, कडा ठोकल्या, वहिनीनं कुलूप घातलं.

काही दिवसांनी तिचा पुन्हा निरोप आला. मधल्या काळात दार कोणी उघडलं नव्हतं.

नव्या कापडावर डाग होता. पण पहिल्या जागी नाही, बराच वर. साडू डावी बाजू भिंतीकडे करून उभा राहिला. डाग बरोबर त्याच्या कानाशी येत होता.

बोट लावलं. कोमट होता.