एका हत्याराला एक तोंड

दुकानदाराने काउंटरवर मऊ फडकं अंथरलं आणि त्यावर तीन सेफ्टी रेझर ओळीने मांडले. एकाची खालची पट्टी सरळ, दुसऱ्याची कंगव्यासारखी दातेरी, तिसऱ्याच्या मानेला पात्याची फट कमीजास्त करणारी, एक ते नऊ आकडे कोरलेली फिरकी.

"पहिल्यांदाच घेताय ना, साहेब?"

"कसं ओळखलंत?"

"सराईत माणूस हातात धरून वजन बघतो. तुम्ही फट मोजताय."

गोष्ट खरी होती. स्क्रूच्या कारखान्यात तपासनीस म्हणून वीस वर्षं काढलेल्या माणसाला मोजल्याशिवाय चैन पडत नाही. बारीक फटी मोजायच्या पोलादी पट्ट्यांचा जुडगा त्याच्या खिशात कायम असायचा. सरळ पट्टीच्या रेझरमध्ये पातं आणि पट्टी यांच्यातली फट अडुसष्ट शतांश मिलिमीटर भरली. दातेरीत नव्वदच्या वर.

"हाच घ्या," दुकानदाराने सरळ पट्टीवाला पुढे सरकवला. "दातेरी दाट वाढलेल्या दाढीला. फिरकीवाला हौशी लोकांना. आज तीनवर, उद्या पाचवर, परवा गालाला बँडेज. आणि ते तीन पात्यांचं प्लास्टिक आधी कचऱ्यात टाका. एक पातं ओढतं, दुसरं सोलतं, तिसरं नुसती हजेरी लावतं."

तपासनीस हसला.

"दाढी कुणाची करायचीय?" दुकानदाराने सहज विचारलं.

तपासनीस पट्ट्यांचा जुडगा मिटू लागला. करायची होती वडिलांची. चाळीस वर्षं शिवणयंत्रावर बसलेला, रोज सकाळी गुळगुळीत दाढी करूनच कात्री हातात घेणारा तो शिंपी सात महिन्यांपूर्वी झटक्याने आडवा झाला होता. उजवं अंग गेलं, वाचा गेली. सून दर आठवड्याला कात्रीने दाढी बारीक करायची, पण त्या खुंटांत अन्न अडकायचं. खालची कातडी लाल झाली होती. जखम चिघळली तर या वयात भरून येणार नाही, दाढी रोज व्हायलाच हवी, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. घरी बोलावलेल्या न्हाव्याचं मनगट म्हाताऱ्याने डाव्या हाताने असं धरलं, की तो पैसे न घेताच निघून गेला. प्लास्टिकच्या रेझरने कातडी सोलवटली. उरला मुलगा. आधी दोन आठवडे स्वतःच्या गालावर हात बसवायचा आणि मग वडिलांना हात लावायचा, असा त्याचा बेत होता.

"माझीच," तो म्हणाला. उत्तर निम्मं खरं होतं.

"मग ठीक. कारण एका हत्याराला एक तोंड. दोघांत एक चालत नाही."

"पातं बदललं तरी?"

"पात्याचं काय, ते येतं नि जातं. मी हत्याराचं म्हणतोय." दुकानदाराने रेझर कागदात गुंडाळला. "आधी सुलट फिरवायचा, केस वाढतात त्या दिशेने. तीस अंशांचा कोन, जोर अजिबात नाही. गालावर पुढेमागे उलट फिरवलात तरी चालेल. गळ्यावर मात्र नवशिक्याने उलट फिरवायचा नाही. हात जरा थरथरला की खेळ खलास."

उलट या शब्दाशी तपासनीस थबकला. वडिलांच्या तोंडी तेवढाच एक शब्द उरला होता. कापडाची सुलट कुठली नि उलट कुठली, हे हाताखालच्या माणसांना सांगण्यात जन्म गेला, त्यातला अर्धा जोड शिल्लक राहिला. चहा हवा, उलट. दिवा घालवा, उलट. असा एखादा शब्द मागे राहतो, त्याला अर्थ नसतो, असं डॉक्टरांचं म्हणणं.

रविवारी सकाळी तो आरशासमोर उभा राहिला. ब्रशने फेस केला, कोन धरला. पातं सरकलं आणि कोरड्या पानावरून नख ओढावं तसा बारीक आवाज झाला. केस कापले जात होते, यात शंका नव्हती. सगळा चेहरा झाल्यावर त्याने रेझर बेसिनमध्ये खळबळला.

पाण्यावर पांढरे खुंट तरंगले.

तो चव्वेचाळीस वर्षांचा होता. दाढीत मोजून सहा पांढरे केस, तेही हनुवटीवर. त्याने तोंड धुतलं, गालावरून हात फिरवला. गाल खरखरीत होता. काल होता तितकाच.

कोन चुकला असेल, असं त्याने ठरवलं. साबणाचा चुरा पांढरा दिसला असेल.

"अहो!" आतल्या खोलीतून बायकोची हाक आली. "बाबांची दाढी कधी केलीत? आणि काय सुरेख केलीत! मला म्हणे दोन आठवडे सराव करणार."

तो दारात येऊन उभा राहिला. वडिलांचा चेहरा ताज्या इस्त्रीच्या कापडासारखा सपाट दिसत होता. खोलीत साबणाचा वास होता.

"मी नाही केली."

"मग काय मी केली? की शेजारचं मांजर येऊन करून गेलं?" ती हसत होती. "पण तुमची का नाही केली? स्वतः मात्र अस्वल."

घरात तीनच माणसं. त्याने वडिलांकडे पाहिलं. वडील त्याच्याकडेच पाहत होते.

"उलट," ते म्हणाले.

बायको आपली गंमत करते आहे, असं त्याने स्वतःला दिवसभर सांगितलं. पण मनाची समजूत घालणं हा त्याचा धंदा नव्हता. माल संशयास्पद वाटला तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही त्याची रीत. सोमवारी बायको स्वयंपाकघरात आहे याची खात्री करून त्याने फक्त डाव्या गालावरून रेझर फिरवला. पांढरे खुंट. गाल खरखरीत. तो ओल्या हातानेच वडिलांच्या खोलीत गेला.

वडिलांचा डावा गाल रात्रभरात वाढलेल्या खुंटांनी टोचत होता. उजवा गुळगुळीत होता. आरशात आपल्या डाव्यासमोर जो येतो, तो. गेलेल्या अंगाचा.

कारखान्याच्या वहीत तो नोंदी करायचा तशी त्याने एक ओळ लिहिली. मग ती खोडली. वरिष्ठांनी विचारलं तर सही कोण करणार होतं?

मंगळवारी हात बिचकला. डाव्या जबड्याखाली पातं आडवं गेलं, हे त्याला स्पष्ट जाणवलं. त्याने पांढरा टॉवेल दाबून धरला. टॉवेल कोरडा राहिला, त्यावर डागसुद्धा नाही. दुखतही नव्हतं.

तो धावत आत गेला.

वडिलांच्या उजव्या जबड्याखाली तांबडी रेघ होती आणि एक थेंब उशीकडे निघाला होता. ते शांतपणे त्याच्याकडे पाहत होते. रागाचा मागमूस नव्हता. एखाद्या नव्या कारागिराने पहिला काज बिघडवल्यावर उस्ताद पाहतो, तसे.

"चुकलं, बाबा," तो म्हणाला. का म्हणाला, ते त्याला कळलं नाही.

"उलट."

बुधवारी त्याने रेझर कारखान्यात नेला, आपल्या टेबलाच्या खणात ठेवला आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात अडकवली. पातं नाही तर जखम नाही. पण दाढीही नाही. शनिवारपर्यंत वडिलांच्या गालावर पुन्हा पांढरं रान उगवलं आणि खालची लाली पसरायला लागली.

"बाबांची एवढी सुंदर दाढी केलीत, आता का नाही करत?" बायकोने विचारलं.

"रेझर बिघडलाय."

"लोखंडाच्या तुकड्याला काय बिघडायचंय?"

तो चपला घालून बाहेर पडला.

पुढच्या सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला तो टेबलाशी बसून आटे तपासत होता. समोर स्क्रूंचा ट्रे, हातात गेज. अचानक उजव्या गालाला काहीतरी गार, ओलं लागलं. त्याने वर पाहिलं. छत कोरडं होतं. मग तो आवाज आला, कोरड्या पानावरून नख ओढल्यासारखा, अगदी कानाजवळ.

त्याने गालाला हात लावला. बोटांना फेस लागला नाही, पण साबणाचा वास आला.

फोरमन जवळून जाताना थांबला. "काय रे, सकाळी पाणी गेलं का मध्येच? एकाच गालाची करून आलास?"

त्याने गळ्यातली किल्ली काढली. खण बंदच होता. उघडला. रेझर ओला होता. पात्याच्या फटीत फेस अडकला होता आणि फेसात खुंट होते.

काळे.

रजेचा अर्ज न देता तो घराकडे निघाला. बस थांब्यावर उभं राहवेना, म्हणून चालतच निघाला. वाटेत चारदा तो आवाज आला. चारही वेळा त्याने मोजलं. ओठाच्या वर. ओठाच्या खाली. हनुवटी. जबड्याची कड. दर खेपेला थोडं खाली.

बायको दारातच उभी होती. तिचे डोळे रडून लाल झाले होते आणि ती हसत होती.

"फोन का नाही उचलत? बाबांचा हात हलला! उजवा!"

"कधी?"

"अकराच्या सुमाराला. डॉक्टरांना कळवलं मी. ते म्हणाले, जे करताहेत ते करू द्या, हात अडवू नका. आता अडवलं तर हलायचा पुन्हा थांबेल. बघा तरी."

वडील उशीला टेकून बसले होते. सात महिने चादरीवर पडून राहिलेला हात वर उचललेला होता. अंगठा आणि दोन बोटं जुळलेली, मध्ये एखादा बारीक दांडा धरावा तशी. कोन तीस अंशांचा. रिकामी चिमूट त्यांच्या डाव्या गालावरून, कातडीला न टेकता, सावकाश खाली येत होती.

"दाढी करायचीय त्यांना," बायको म्हणाली. "तुम्ही केली नाहीत ना, म्हणून."

वडिलांच्या गालावर पांढरं रान तसंच होतं.

"बाबा, थांबा," तो म्हणाला आणि पुढे झाला.

बायकोने त्याचा दंड धरला. "अडवू नका म्हटलं ना! सात महिन्यांनी हललाय हो तो हात."

सात महिन्यांनी. हात थरथरत होता.

चिमूट जबड्याची कड ओलांडून गळ्यावर उतरली. गळ्याच्या खळगीपाशी थांबली. मग मनगट हळूहळू वळलं आणि बोटांचं तोंड वरच्या बाजूला झालं.

वडिलांनी मुलाकडे पाहिलं. नजर मायेची होती.

"उलट," ते म्हणाले.

आणि तपासनिसाच्या लक्षात आलं की आपण केव्हाच हनुवटी वर करून, मान ताणून उभे आहोत.