छोट्या लाइनीची वाट

आर्वीहून पुलगावाकडं जाणारी छोट्या गाडीची लाइन बंद पडली, तशी ती चालणाऱ्यांची झाली. चढ नाही, उतार नाही. रूळ गवतात बुडालेले, दोन्ही अंगांना बाभळी आणि पळस, मध्येच एखादं गाव, मग तळं. नीरज मास्तर दर रविवारी या वाटेनं फिरायला जायचे. दोन वर्षांपूर्वी असेच गेले, ते परत आलेच नाहीत. तळ्यात गळ टाकून झाले, विहिरी उपसून झाल्या.

त्यांची बायको यामिनी, तहसीलात कारकून. गेल्या आठवड्यात तिचा दीर सुमीत तिच्यापुढं बसला.

"वयनी, देह सापडत नाई तवा पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी देतात. दादाचा जीव तरी सुटंल."

"तुम्हाले घाई काऊन, भाऊजी?"

"घाई नाई. तुमचे हाल पाहावत नाई."

यामिनी थकली होती. दाराची कडी वाजली की छातीत धस्स व्हायचं, तेही थकलं होतं. "करून टाका," ती म्हणाली.

विधी उद्यावर आला आणि आज दुपारी तिचा पाय घरात ठरेना. शेवटचं एकदा जाऊन येऊ. भेटले तर हात धरून घरी आणू, मग कसला पुतळा आणि कसला अग्नी. हिरव्या पातळाचा पदर खोचून ती लाइनीला लागली.

पहिल्या गावाबाहेर बंडूजी शेळ्या चारत होते. दोन वर्षं विचारायची तसंच तिनं विचारलं, उत्तराची आशा न धरता.

"बंडूजी, आमचे हे दिसले का?"

"मास्तर? आत्ताच गेले न पुढं. हासून काय पाहतं पोरी, मी काय तुयी मस्करी करून राह्यलो? हळू चालते थो. गाठशील."

ती हसत नव्हती. तोंडाचं काय झालं होतं, तिचं तिलाच कळत नव्हतं. ती पळत सुटली.

तळ्याकाठी ऊन तिरपं झालं होतं. पाणी असं निजलेलं, जसं कुणी त्यावर हात फिरवून गेलं असावं. तिथं लाइन तळ्याला वळसा घालते. त्या वळशाच्या पलीकडच्या टोकाला एक माणूस चालला होता. उजवा खांदा जरा पडलेला, हात पाठीमागं गुंफलेले.

"अहो!"

काठावर बगळे बसले होते. तिच्या ओरडण्यानं एकही उडाला नाही.

तो माणूस मात्र थांबला. पाण्याकडं वळला, दोन्ही हात तोंडाशी नेले.

"यामिनी!"

हाक पाण्यावरून सरळ तिच्याकडं आली. बगळ्यांचा थवा भर्रकन उडाला.

"इथं आहे मी! अहो, इथं!"

तो कान देऊन उभा राहिला. बराच वेळ. मग मान हलवली आणि चालू लागला.

वळसा संपतो तिथं कुंताबाईची चहाची टपरी. यामिनी पोचली तेव्हा वाट मोकळी होती. ती बाहेरच्या बाकड्यावर बसली. कुंताबाई भांडी विसळता विसळता आत सुनेशी बोलत होती.

"मास्तर येऊन गेले वं खुशी. बायकोले शोधून राह्यले बिचारे."

"कोन्त्या बायकोले?"

"त्याइचीच न वं. फिरायले गेलती, आलीच नाई म्हन्ते. उद्या तिचा पुतळा जाळून राह्यले. घरच्याइनं लई धरलं, तं हो म्हनून बसले. म्हने, कुंताबाई, मी थकलो."

यामिनी बसल्या जागेवरून दाराकडं वळली.

"मावशी," ती म्हणाली. "मी इथं आहे."

"हिरव्या पातळातली बाई दिसली तं बसवून ठेवजो म्हने."

"मावशी, माझ्याकडं पाहा ना."

कुंताबाई बाहेर आली. कपाळावर आडवा हात धरून तिनं लाइनीकडं पाहिलं, तळ्याच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत.

"नाई येत वं कोनी," ती म्हणाली.

मग वाकून, एका हातानं, तिनं यामिनीखालचं बाकडं उचललं आणि आत नेलं.